हातोडी न लावता तपासलेली बाई

बीड जिल्ह्यात मी आजवर दोनदा गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा गळ्यात हार पडला, हातात नारळ आला आणि संध्याकाळच्या आत गाडीने पुण्याला परत. तेव्हा तिथलं मी काही पाहिलं असं म्हणायला जीभ रेटत नाही. दुसऱ्यांदा गेले ती या मे महिन्यात, एसटीने, कुणी न बोलावता. घरी सांगितलं, "एका पेशंटला भेटून येते." नवरा म्हणाला, "इतक्या उन्हात? आणि पेशंट तुझ्याकडे येतात ना?" त्याला धड उत्तर दिलं नाही, ते इथे देते.

मी मज्जातंतूंची डॉक्टर. पुण्यात तीस वर्षं दवाखाना चालवला, आता आठवड्यातून दोन दिवस बसते. दोन वर्षांपूर्वी आष्टीला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त मोफत तपासणीचं शिबिर झालं, तिथे मला नेलं होतं. यंदा एप्रिलमध्ये नीलेशने, म्हणजे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, फोनवर एका कागदाचा फोटो पाठवला. तो आता नगरच्या एका दवाखान्यात असतो. कागद त्याच शिबिराचा. नाव अनिता, वय तीस. खाली माझ्या अक्षरात: "हातापायांत ताकद पूर्ण आहे. कोणताही आजार नाही. मानसिक ताण. जीवनसत्त्वाच्या गोळ्या." त्याखाली माझी सही.

नीलेशने मग फोन केला. ही बाई हिवाळ्यात त्याच्याकडे आली तेव्हा तिला जमिनीवरून उठता येत नव्हतं. तपासण्यांत निघालं ते असं: तिच्या शरीराची संरक्षण यंत्रणाच तिच्या नसांवर उलटली होती. एरवी जंतूंशी लढणाऱ्या पेशी नसांच्या आवरणाला परकं समजून कुरतडत होत्या, सूज आणत होत्या. हा आजार हळूहळू चढतो आणि वेळेत ओळखला तर औषधाने चांगला उतरतो. उशीर झाला की आवरणाच्या आतली नसही झिजते, आणि ती झीज मग भरून येत नाही. नीलेशने स्टेरॉइड सुरू केलं, दोन महिन्यांत बाई चालायला लागली, आणि एक दिवस यायचीच बंद झाली. फोन नवऱ्याचा, तो उचलत नाही.

"गोळ्या अशा मध्येच तोडल्या असतील तर पुन्हा बसेल ती, मॅडम," नीलेश म्हणाला. "आणि या वेळी किती परत मिळेल, सांगता येत नाही."

सहीबद्दल तो काही बोलला नाही. माझ्या हाताखाली असताना एक तपासणी चुकवली म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं होतं. त्यानेही मला तसंच फाडून खाल्लं असतं तर मी कदाचित घरीच बसले असते.

आष्टी

नगरहून आष्टीची गाडी सकाळी मिळाली. खिडकीची काच अर्ध्यात अडकलेली, त्यामुळे वारा डोळ्यांत आणि ऊन मांडीवर. शेजारच्या बाईंनी माझी तारांबळ पाहून आपला ओला टॉवेल खिडकीला लावला. मला विचारलं नाही, की उपकार केल्याचा चेहरा केला नाही. कडा गाव मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना उघडे माळ, नांगरून तापत ठेवलेली रानं, मध्येच एखादं हिरवंगार लिंबाचं झाड. मला तो मुलूख आवडला. मागच्या वेळी याच रस्त्याने मी गाडीच्या काळ्या काचा बंद करून झोपून गेले होते.

अनिताचं सासर आष्टीपासून चार-पाच किलोमीटरवर. रिक्षातून उतरताना माझ्या सँडलचा पट्टा तुटला आणि मी तापलेल्या फुफाट्यात एका पायावर उड्या मारत त्या घरी पोचले. दारात साठीच्या गयाबाई, म्हणजे अनिताची सासू, शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मी कोण हे न विचारता मला आत घेतलं, पायावर तांब्याभर पाणी ओतलं आणि बाजेवर बसवलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. "जयभीम," त्या म्हणाल्या. मी "नमस्कार" म्हटलं आणि मग ओशाळून "जयभीम" म्हटलं. आमच्या सोसायटीत अनोळखी माणसाला जाळीच्या दारातून तीन प्रश्न विचारतात. इथे मला पाणी, गूळ आणि बाज मिळाली, आणि मग प्रश्न आला: "कुठल्या म्हनायच्या तुमी?"

"नगरच्या दवाखान्यातून आलेय," मी म्हणाले. "अनिताच्या गोळ्यांचं विचारायला."

हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. शिबिरात मी तोंडाला मास्क लावून कापडी पडद्याआड बसले होते, गयाबाई बाहेर रांगेत. त्यांनी मला ओळखायचं काही कारणच नव्हतं, आणि मी त्याचा फायदा घेतला.

"ती हितं न्हाई. भावाकडं गेली, युसूफ वडगावला. तिला काय झालंय मंग?" गयाबाई म्हणाल्या. "लई धडधाकट व्हती वं. एका दमात मोळी उचलून ट्रकवर चढायची. मंग एकदम म्हनाया लागली, हात मुंग्या आल्यासारका हाय, पाय उचलंना. आमी म्हनलं आसंल. पुन्याची मोठी डॉक्टरीन आलती, तिला दावलं. तिनं लिवूनच दिलं. थांबा."

आणि त्या ट्रंकेतून तो कागद घेऊन आल्या. आधार कार्डाच्या पाकिटात, प्लास्टिकमध्ये, घडीसुद्धा न पडलेला.

"कायबी आजार न्हाई म्हून मराठीत लिवलंय. वाचा की."

मी वाचला. मराठीत का, हे मला तिथे बाजेवर बसल्याबसल्या आठवलं. तो चेहरा नाही आठवला, आवाज आठवला: "बाई, मराठीत लिवा, घरी दावायचंय." आपला आजार घरच्यांना पटावा म्हणून ती पुरावा मागत होती. मी मोठ्या मनाने मराठीत लिहून दिलं, आणि नेमका उलटा पुरावा दिला.

पुढचं गयाबाईंनी सांगितलं. त्या भागात ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडणार, ती मोळ्या बांधणार, दोघं मिळून वाहणार. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम विचारत नाही. कागद हातात असल्यावर अनिताला त्या वर्षी फडावर जावंच लागलं. महिनाभरात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून चढताना पाय वळला आणि ती खाली आली, मनगट मोडलं. पुढच्या हंगामात ती घरीच राहिली.

"मंग कोयता पुरा कराया मी गेले पोरासंगं," गयाबाई म्हणाल्या आणि हात पुढे केले. तळव्यांवर पाचटाने कापल्याच्या रेघा होत्या. "ह्या वयात. मी बोलायची की तिला. रोज बोलायची. नाटकं करतीस म्हनायची. चार मानसांत म्हनायची. तिच्या भावानं नगरला नेली, गोळ्या दिल्या, त्वांड ह्ये येवढं गोल झालं. लोक म्हनले, खाऊनपिऊन सुजली, हिला कसला आजार. मग तिनं गोळ्याच टाकल्या आन गेली निघून."

स्टेरॉइडने चेहरा गोल होतो. कोणत्याही डॉक्टरला हे पाठ असतं, पण आष्टीच्या वस्तीवर ते कुणी सांगायचं होतं? तिथे ज्याचा चेहरा भरलेला तो निरोगी, आणि निरोगी असून बसून राहतो तो कामचोर.

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, "गयाबाई, ही सही माझी आहे." मी म्हणाले नाही. मी कागद होता तसाच परत दिला. त्यांनी मला ज्वारीची भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी वाढली. आमटी इतकी झणझणीत आणि इतकी चवदार होती की मी दुसऱ्यांदा घेतली. नाक पुसत, डोळे पुसत जेवले, आणि गयाबाईंना वाटलं तिखटाने. निघताना त्यांनी माझी तुटकी सँडल पाहिली आणि स्वतःच्या चपला माझ्या पायांपुढे सरकवल्या. "जावा घालून. मला हाय दुसरी जोडी." दुसरी जोडी मला तरी कुठे दिसली नाही. नको म्हणायचंही धैर्य झालं नाही. त्या घरात मी एकामागून एक घेत सुटले होते आणि द्यायची एकच गोष्ट होती, ती पर्समध्ये कोंबल्यासारखी घेऊन निघाले.

युसूफ वडगाव

दुसऱ्या दिवशी आष्टी ते बीड, बीडहून केज आणि केजहून वडगाव. प्रवासाचं सांगण्यासारखं एवढंच की मांजरसुंब्याच्या फाट्यावर उतरून मी भजी खाल्ली, आणि गाडीत कंडक्टर एका म्हाताऱ्याशी भांडत होता. म्हातारा म्हणत होता, "म्या काल बी ह्याच गाडीनं गेलतो, काल थांबली मंग आज कावून थांबत न्हाई?" सगळी गाडी म्हाताऱ्याच्या बाजूने झाली आणि एसटी थांबली. पुण्यात आम्ही अशा वेळी खिडकीबाहेर बघतो.

बालाघाटाच्या चढणीवर पळस आणि बाभळी, खाली केजकडे काळी रानं. मी मनात वाक्य जुळवत होते. "अनिता, माझ्याकडून त्या दिवशी..." पुढे जाईना. व्यासपीठावर तासभर बोलते मी.

वडगावला बाजाराचा दिवस होता. अनिताच्या भावाची, संपतची, पिठाची गिरणी बाजाराच्या टोकाला. गिरणी सुरू होती, पिठाने पांढरा झालेला संपत डबे ओतत होता आणि बाजूला पोत्यांवर टेकून एक बाई डब्यांवर खडूने नावं टाकत होती. खडू तिने मुठीत धरला होता. बोटांत धरवत नव्हता, हे मला दारातूनच दिसलं.

तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"ह्या तर आमच्या आत्याबाईच्या चपला," ती म्हणाली. "त्यांनी धाडलं का तुमाला?" मग वर पाहिलं आणि तिचा चेहरा बंद झाला. "तुमी शिबिरातल्या."

मास्क नव्हता, पांढरा कोट नव्हता, दोन वर्षं उलटली होती. तिने मला एका नजरेत ओळखलं. मी तिच्यासमोर उभी राहून तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होते आणि तो आठवत नव्हता. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

संपतने गिरणीचं बटण बंद केलं. एकदम शांत झालं. मी उभ्यानेच सांगून टाकलं, की मी लिहिलेलं चूक होतं, आजार तेव्हाही होता, मी तो ओळखला नाही.

"मंग आता कावून आलात?" संपत म्हणाला. "तिचं मनगट मोडलं, तवा कुटं व्हता? ती मोरीत पडून राह्यली दोन घंटे, तवा? तिचा संसार उटला ना बाई."

"संपत," अनिता म्हणाली. "बसू दे त्यांना."

मी पोत्यावर बसले आणि विचारलं, पुन्हा तपासू का. तिने हात पुढे केला.

"माझी बोटं दाबा, जोरात."

तिने दाबली. माझी हाडं कळवळली. इथेच माझी चूक होती, आणि ती मला आता बोटांच्या पेरांत समजत होती. आम्ही ताकद मोजतो ती स्वतःच्या हाताशी झुंजवून. समोरचा भारी पडला की लिहायचं, ताकद पूर्ण. माझा हात पेन धरणारा. तिचा, बारा-तेरा वर्षं मोळ्या बांधलेला. तिची निम्मी ताकद गेली तरी उरलेली निम्मी माझ्याहून जास्त होती. पुण्यातल्या एखाद्या बँकेतल्या बाईला हा आजार झाला असता तर मी पहिल्या दिवशी ओळखला असता.

"आता संपतचा हात दाबा."

तिने दाबला. संपतने सहज सोडवून घेतला. "आदी मी याला आडवा पाडायचे," ती हळूच म्हणाली.

मी पर्समधून रबरी हातोडी काढली. संपतला डब्यावर बसवलं, गुडघ्याखाली हलकेच मारली. त्याचा पाय असा उडाला की समोरचा बाजरीचा डबा लवंडला. तो चमकला, अनिता हसली, मलाही हसू येत होतं, ते आवरलं. मग तिच्या गुडघ्यावर मारली. काही नाही. दुसरा गुडघा, दोन्ही घोटे, कोपरं. कुठेच काही नाही.

"माझा कावून उडत न्हाई?"

मी सांगितलं. अंगात राखणदार असतात, रोगाशी लढणारे. कधी एखादा ताप किंवा जुलाब येऊन जातो, त्याला मारायला ते उठतात आणि मग थांबत नाहीत, आपल्याच नसांवर तुटून पडतात. कधी काही कारणच सापडत नाही. नसेवरचं आवरण ते खातात, मग मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून पाय उडत नाही, मुंग्या येतात, खडू धरवत नाही.

तिने गिरणीकडे पाहिलं. "म्हंजे मोटार चालू हाय, पट्टा सटकतोय."

"अगदी तसंच. आणि नगरच्या गोळ्या त्या राखणदारांना आवरतात. चेहरा सुजतो तो त्या गोळीने, तो पुढे उतरतो. आपल्या मनाने मात्र बंद करायच्या नाहीत."

"माजंच आंग माज्यावर उटलं. माजी काय चुकी त्यात?"

"काही नाही. तुमची काहीच नाही."

तिने हातोडी मागून घेतली, मुठीत धरून बघितली, स्वतःच्या गुडघ्यावर दोनदा मारली. मग विचारलं, "ह्याला किती टाइम लागला?"

"एक मिनिट."

"तवा कावून न्हाई केलं?"

उत्तरं तयार होती. गर्दी होती, उकाडा होता, दीडशेच्या वर माणसं होती. ती खरीही होती. पण ती माझ्याकडे इतकी सरळ बघत होती, की मी खरंखुरं सांगितलं. जेवायला बोलावणं आलं होतं. पुढारी ताटावर थांबले होते. हातोडी टेबलाखालच्या बॅगेत होती आणि मला वाकायचा कंटाळा आला.

संपत तोंड फिरवून बाहेर बाजाराकडे बघत राहिला.  बाहेर कुणीतरी कलिंगडाचा भाव ओरडत होतं.

"फोन लावा," अनिता म्हणाली. "आत्याबाईंना. मला सांगितलं ते त्यांना सांगा."

मी गयाबाईंच्या शेजारणीचा नंबर आदल्या दिवशी घेतला होता. फोन लावला, गयाबाईंना बोलावून घ्यायला सांगितलं, आवाज मोठा ठेवला. सही माझी, आजार खरा, अनिता एक दिवसही नाटक करत नव्हती, आणि काल तुमच्या घरी जेवून मी हे लपवलं, असं सगळं सांगितलं.  मग गयाबाईंचा आवाज आला, अगदी बारीक.

"मंग मी तिला येवढं बोलले, त्याचं काय करू वं?"

 अनिताने हात पुढे करून फोन घेतला, पण फोन तिच्या बोटांतून निसटला, म्हणून संपतने तिच्या कानाशी धरला.

"आत्याबाई," ती म्हणाली, "उद्या नगरला या. माज्या गोळ्या फळीवर हायत, साखरंच्या डब्याच्या मागं. किती खाल्ल्या, किती ऱ्हायल्या, डॉक्टरला दावायच्यात. समद्या आना."

पलीकडे गयाबाई रडत होत्या. अनिताने त्यांना रडू दिलं. मग संपतला फोन बंद करायला सांगितला आणि दोन्ही हात पोत्यावर टेकून, दोनदा मागे बसून, तिसऱ्या खेपेला ती उठली. मी आधाराला हात केला होता. तो तिने घेतला नाही.

"तुमाला माफ केलं म्हून गोळ्या घीत न्हाई मी," ती म्हणाली. "मला चालायचंय."